‘घट्ट’ कोण म्हणालं?

ही गोष्ट खरी आहे.

देवापुढे हात जोडून सांगते, यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मामेबहीण. ती अजून त्याच कामावर आहे, म्हणून नाव घेत नाही.

आणि एक आधीच सांगून ठेवते. ती रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं, कुठे कुत्रं रडत नव्हतं. भर दुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं. आणि जागा...

जागा होती ढगांच्या वर. एका लहानशा विमानाच्या पोटात.

तिथून माणूस पळून जाणार कुठे, सांगा.

तर ऐका. आजारी माणसाला लहान गावातल्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात उडवत नेणारी विमानं असतात. रुग्णवाहिकाच ती, फक्त पंखांची. आत धड उभंही राहता येत नाही. एका बाजूला स्ट्रेचर, त्याच्या उशाशी यंत्रं ठेवायची फळी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांची आणि नर्सची खुर्ची, शेपटीकडे सिलिंडर आणि पिशव्या. माझी बहीण त्या विमानातली नर्स. तिचा नवरा त्याच विमानात यंत्रं बांधणारा.

बांधणारा म्हणजे काय, तर विमान कधीकधी हवेतल्या हवेत खड्ड्यात पडल्यासारखं खाली येतं. तेव्हा जे बांधलेलं नाही ते उडतं. पेन उडालं तर हसू येतं. सिलिंडर उडाला तर तो तोफेचा गोळा होतो. म्हणून प्रत्येक यंत्राला रुंद पट्टे असतात. विमानाच्या तळाला लोखंडी रूळ, रुळात खाचा, खाचेत पट्ट्याचा हूक. हूक बसला की ‘टक्’ वाजतं. मग चाप ओढायचा... कर्र, कर्र, कर्र... पट्टा तारेसारखा ताठ होतो.

या कामात माझ्या मेहुण्यांचा हात धरणारं कुणी नाही. हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, लहानथोर सगळे त्यांना ‘दादा’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

दादांचा एक नियम आहे. बांधणाऱ्याने आपलं काम आपण तपासायचं नाही.

“आपलं पोर आणि आपली गाठ,” ते म्हणतात, “दोन्ही आपल्याला गुणीच वाटतात.”

म्हणून दादा पुढच्या बाजूने पट्टा आवळतात आणि हाक देतात, “बांधलं!” मागची बाजू नर्सची. तिथे दादांचा हात पोचत नाही, नजरही पोचत नाही. तिथला हूक तिने खाचेत बसवायचा, सगळा जोर लावून ओढायचा, आणि मगच उत्तर द्यायचं... “घट्ट!”

ते उत्तर कानावर पडल्याशिवाय डॉक्टर कॅप्टनला ‘निघा’ म्हणून अंगठा दाखवत नाहीत. विमान जागचं हलत नाही.

बांधलं... घट्ट.

बांधलं... घट्ट.

हाक तशी ओ. ऐकायला किती गोड!

पण खरी गोम इथेच होती. ही जोडी माझ्या बहिणीची नव्हतीच. हा नियम दादांनी बसवला तो त्यांच्या पहिल्या बायकोबरोबर.

तीही याच विमानातली नर्स. तिला हँगरमध्ये ‘थोरल्या सिस्टर’ म्हणत. आजारात गेली. त्यानंतर काही वर्षांनी तिच्या जागी माझी बहीण लागली, आणि मग दादांशी तिचं लग्न झालं. आपसूक तिचं नाव पडलं ‘धाकट्या सिस्टर’.

एकदा हँगर झाडणाऱ्या मावशी बोलून गेल्या होत्या, “नशीब काढलं हो. आधी तिची खुर्ची मिळाली, मग तिचा नवरा.”

थट्टाच ती. पण काटा बारीक असला तरी सलतोच ना!

घरी सासूबाई. मनाने वाईट नव्हत्या, पण जिभेला लगाम नव्हता. धाकटीने चादरीची घडी केली की म्हणत, “असू दे सूनबाई. थोरलीच्या हाताला वळण होतं, तसं सगळ्यांना कसं असेल?”

धाकटी चादर उचलून ठेवी. आतल्या आत मात्र जळे.

जिवंत सवतीशी भांडता येतं हो. तिच्या चुका काढता येतात. कधी चार शब्द सुनावता येतात, कधी चार ऐकून घेता येतात. पण मेलेल्या सवतीचं काय करायचं? ती कधी चुकत नाही. तिचा आवाज चढत नाही. तिचा केस पिकत नाही.

मत्सर हा फार विचित्र पाहुणा आहे. दार न वाजवता येतो, चपला न काढता माजघरात जातो आणि घरच्या माणसालाच बाहेर उभं करतो. धाकटीचं तेच झालं.

सुरुवात अगदी लहान गोष्टीने झाली.

दादा हाक देत, “बांधलं!” धाकटी मागचा हूक बसवी, ओढी आणि उत्तर देई, “घट्ट!”

पण दादा तिच्या उत्तरानंतरही थांबत.

क्षणभरच. हात चापावर, मान किंचित तिरकी... जणू अजून कुणाचं तरी उत्तर यायचं आहे.

मग भानावर येऊन म्हणत, “हां. चला.”

“कुणाची वाट बघता हो?” तिने एकदा विचारलं.

“कुणाची? छे गं. सवय.”

सवय! त्या एका शब्दाने तिला किती जाळलं म्हणून सांगू.

मग घडीचं सुरू झालं.

पट्टा आवळला की त्याचं टोक मोकळं लोंबतं. ते कुठे अडकू नये म्हणून धाकटी त्याची गुंडाळी करी आणि पट्ट्याखाली खोचून ठेवी. एका सकाळी ती विमानात चढली, तर कालची गुंडाळी नव्हती.

टोक होतं. पण त्याची घडी घातलेली होती. कागदी पंख्यासारखी. अगदी सारखी, चापून चोपून...

तिला वाटलं, दादांनी घातली.

“अहो, ही घडी तुमची?”

दादा बघतच राहिले. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

“मला वाटलं तूच घातलीस,” ते हळूच म्हणाले. “ही... ही तिची पद्धत होती.”

धाकटीने काही न बोलता ती घडी उलगडली आणि आपली गुंडाळी करून खोचली. इतक्या जोरात की नख मोडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घडी.

तिने पुन्हा उलगडली.

तुम्ही म्हणाल, घाबरली नाही का? हेच तर नवल. ज्याची भीती वाटायला हवी त्याचा तिला राग येत होता. दोन बायकांनी एका स्वयंपाकघरात एकच डबा इकडून तिकडे ठेवावा, तसं त्या पट्ट्याच्या टोकावरून चाललं होतं. फक्त त्यातली एक बाई नव्हती.

आणि मग आवाज आला.

विमान रिकामंच होतं. रुग्ण आणायला जायचं होतं, त्याआधी सिलिंडर बांधणं चालू होतं. दादा पुढे वाकलेले, धाकटी मागे. डॉक्टर बाहेर फोनवर बोलत उभे.

“बांधलं!”

धाकटीने हूक हातात घेतला. अजून खाचेत बसवायचा होता. तिने तोंडही उघडलं नव्हतं...

“घट्ट.”

शेपटीकडून. हळू. तोंडावर मास्क लावलेलं माणूस बोललं की आवाज कसा दबून येतो, तसा.

तिथे पिशव्या होत्या. आणि पिशव्यांमागे विमानाची भिंत.

दादा म्हणाले, “हां. चला.”

त्या दिवशी ते थांबले नाहीत. मान तिरकी केली नाही. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं. आणि ते कुणाचं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

धाकटीने हूक बसवला. टक्. ओढला. कुणी न विचारता पुटपुटली, “घट्ट.”

त्या संध्याकाळी घरी भांडण झालं.

“तुमच्या कानांना अजून तिचीच सवय आहे!”

“अगं, गेलेल्या माणसावर कशाला रागावतेस?”

“गेलेलं माणूस गेलं असतं तर कशाला रागावले असते?”

दादांना काही कळलं नाही. आतल्या खोलीतून सासूबाई मात्र म्हणाल्या, “थोरलीने कधी आवाज चढवला नाही हो या घरात.”

झालं! त्या रात्री कुणीच जेवलं नाही.

शेवटी धाकटीने डॉक्टरांना गाठलं. दाढीवाले, शांत गृहस्थ. विमानात सगळ्यात जुने तेच.

“डॉक्टर, एक विचारू? थोरल्या सिस्टर गेल्या तेव्हा तुम्ही होता?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“दादांनी सांगितलं नाही तुम्हाला?”

“नाही.”

“मग मीही सांगू नये खरं तर.” पण सांगितलं. “याच विमानातून नेत होतो त्यांना. तोंडावर मास्क. हाताच्या मागे सलाईनची सुई, वर चिकटपट्टी. दादांनी स्वतः त्यांचा मॉनिटर बांधला. आणि सवयीने तोंडातून गेलं, ‘बांधलं.’ मागे नर्सच नव्हती. कोण उत्तर देणार? तर थोरल्या सिस्टरनी पडल्या पडल्या उशाकडे हात नेला, पट्टा धरून ओढला आणि मास्कच्या आतून म्हणाल्या, ‘घट्ट.’ त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. आम्ही उतरलो तेव्हा...”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा काढला.

एखाद्या भल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. धाकटीच्याही आलं. पण ते पाणी कशाचं, हे तिने मला नंतर सांगितलं.

“ताई, मला वाटलं, आता मी काय बोलू? जो शब्द तिने शेवटचा म्हणून ठेवून दिला, तो मी रोज बोलते. कितीही मोठ्याने बोलले तरी तो उष्टाच.”

आणि मग ती दुपार आली.

निरोप आला की लांबच्या एका गावात एक बाई अत्यवस्थ आहे. अपघात झालेला. स्वतःचा श्वास नाही, यंत्राचा श्वास. विमानातलं लहान यंत्र तिला पुरत नव्हतं, म्हणून त्या दवाखान्याचं मोठं यंत्रच बरोबर न्यायचं होतं. जड, अवजड. या विमानात त्याला बसायला स्वतःची जागा नाही. फळीवर ठेवायचं आणि पट्ट्यांनी जखडायचं. एक पट्टा समोरून, एक मागून. आणि फळीखाली अगदी लागून त्या बाईचं डोकं.

मागचा हूक निसटला तर यंत्र पुढे कलणार. कलणार म्हणजे तिच्या तोंडावरच येणार. हे सगळ्यांना माहीत होतं.

बाईचा नवरा बरोबर आला होता. साधा माणूस, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली.

“सिस्टर, हिला हात लावला तर चालेल का?”

“वर सगळ्या नळ्या आहेत हो. पाय धरा.”

त्याने दोन्ही हातांनी बायकोचं पाऊल धरलं. देवळात देवाचे पाय धरावेत, तसं.

धाकटी ते बघत राहिली. मनात आलं, मी अशी पडले असते तर दादांनी माझं पाऊल धरलं असतं... की तिची वाट बघितली असती?

इंजिन घरघरत होतं. कॅप्टन पुढून ओरडले, “दादा, आटपा! पुढे हवा बिघडतेय!”

दादा समोरचा पट्टा आवळत होते. कर्र, कर्र, कर्र...

धाकटी यंत्राच्या मागे हात घालायच्या तयारीत. आणि तिच्या मानेवर, मागून, गार झुळूक आली. सगळी दारं बंद असताना. शेपटीकडच्या पिशव्यांजवळ काहीतरी सरकलं. कापड घासावं तसं. कुणीतरी पुढे झुकल्यासारखं...

तिला कळलं. थोरली तयार होती. बोलायच्या तयारीत होती.

आज नाही, धाकटी मनात म्हणाली. आज मी आधी.

“बांध—”

“घट्ट!!”

दादांचा शब्द पुरा व्हायच्या आत ती ओरडली. विमानभर घुमलं. डॉक्टर दचकले. तो नवराही वर बघू लागला.

सगळं शांत.

शेपटीकडून काही आलं नाही. झुळूकही थांबली.

दादा हसले. मान तिरकी नाही, थांबणं नाही. सरळ तिच्याकडे बघून हसले. “आज फार जोरात गाडी?”

डॉक्टरांनी अंगठा दाखवला. कॅप्टननी विमान हलवलं. धाकटी खुर्चीवर बसली, पट्टा लावला.  जिंकले, जिंकले, जिंकले...

आणि मागचा हूक?

त्या हुकाला तिने हातही लावला नव्हता.

तुम्हाला वाटेल, इतकी शिकलेली नर्स अशी कशी चुकेल? अहो, चुकली नाही ती. विसरली. मत्सराने कान एवढे भरले होते की हात काय करतायत हे त्यांना ऐकूच आलं नाही.

तिला आठवलं तेव्हा विमान ढगांच्या वर होतं.

खिडकीतून ऊन आत येत होतं. यंत्र बाईला श्वास देत होतं... सुस्स... थांब... सुस्स... थांब. तिच्या नवऱ्याने डोळे मिटले होते. ओठ हलत होते.

धाकटीची नजर यंत्राकडे गेली. समोरचा पट्टा ताठ. मागचा दिसत नाही. 

टक्.

ते ‘टक्’ वाजलंच नव्हतं.

तिने बकल सोडायला हात नेला. त्याच क्षणी कॅप्टनचा आवाज, “धरून बसा! धरून ब...”

आणि विमान पडलं.

 पेन उडालं, कापसाचं पाकीट उडालं, त्या माणसाची चप्पल पायातून निघून छताला लागली. यंत्र फळीवरून उचललं गेलं. धाकटीने डोळ्यांनी पाहिलं. बोटभर वर... आणि पुढे कलायला लागलं. बाईच्या तोंडावर.



आणि यंत्र थांबलं.

कललेलं, अधांतरी, थांबलं. मग मागे गेलं. हळूहळू. कुणीतरी मागून ओढून फळीवर टेकवावं तसं.

विमान पुन्हा पडलं. यंत्र हललं नाही.

धाकटी कशीबशी सुटली, गुडघ्यांवर सरपटत गेली आणि यंत्राच्या मागे हात घातला. पट्टा सापडला. ताठ होता. तारेसारखा ताठ. पट्ट्यावरून तिचा हात खाली सरकला, हूक शोधत...

हूक लागला नाही.

हात लागला.

मूठ होती. पट्ट्याला गच्च धरलेली. गार. धाकटीची बोटं त्या हाताच्या मागच्या बाजूवरून गेली. आणि नर्सची बोटं ती, त्यांना बघावं लागत नाही. चिकटपट्टी. तिचं सुटत आलेलं टोक. आणि पट्टीखाली... सलाईनची सुई.

यंत्र श्वास देत होतं. सुस्स... थांब... सुस्स...

त्या ‘थांब’मध्ये दुसरा एक श्वास चालू होता. मास्कच्या आतून. तिच्या कानाशी.

धाकटीने हात काढला नाही. काढता आला नाही. विमान धावपट्टीला टेकेपर्यंत ती तशीच गुडघ्यांवर, यंत्रामागे हात घालून. डॉक्टर ओरडत होते, “सिस्टर, जागेवर बसा!” तिला ऐकू येत नव्हतं.

चाकं टेकली. विमान थांबलं. आणि पट्टा एकदम सैल पडला.

मागे काही नव्हतं.

त्या बाईला उतरवलं. ती वाचली, देवाची कृपा. पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेली म्हणे.

दादा मागे राहिले, पट्टे सोडायला. त्यांनी यंत्र पुढे ओढलं. मागे बघितलं. आणि खाली बसले.

हूक तळावर मोकळा पडला होता. खाचेपासून लांब. आणि पट्ट्याच्या टोकाची घडी घातलेली होती. कागदी पंख्यासारखी.

“तू हूक बसवला होतास?”

धाकटी मोकळ्या हुकाकडे बघत राहिली.

“अगं, मी विचारतोय. ओढला होतास?”

“नाही.”

“नाही?” दादांचा आवाजच गेला. “मग हे यंत्र थांबलं कशाने?”

धाकटीने तोंड उघडलं. खरंच सांगणार होती ती. पण सांगताना तिने दादांच्या डोळ्यांत बघितलं.

“ताई,” ती मला म्हणाली, “त्यांच्या डोळ्यांत आशा होती. ते त्या घडीकडे बघत होते, मग माझ्याकडे. वाट बघत होते, मी तिचं नाव घ्यावं म्हणून. माझ्याकडे असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.”

“मग काय म्हणालीस?”

“म्हणाले, मी धरलं होतं. हाताने. सगळी वाट.”

दादा बघत राहिले. मग त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला आणि रडले. डॉक्टरांनी तिला यंत्रामागे हात घातलेलं पाहिलंच होतं. हूक न बसवल्याबद्दल तिने बोलणी खाल्ली, पण त्याहून जास्त कौतुक झालं. हँगरमधल्या मावशींनीही तिची दृष्ट काढल्यासारखं तोंडावरून हात फिरवला. “थोरल्या सिस्टरनाही जमलं नसतं हो हे!”

हेच तर तिला ऐकायचं होतं ना? इतकी वर्षं?

त्या दिवसापासून दादा हाक दिल्यावर थांबत नाहीत. मान तिरकी करत नाहीत. विमानात घडी दिसत नाही, आवाज येत नाही. शेपटीकडे फक्त पिशव्या.

नवरा पुरता तिचा झाला.

पण बाईच्या जातीने सवतीचं सगळं घ्यावं, तिचं पुण्य घेऊ नये. नवरा तिने दिला होता, खुर्ची दिली होती. हे मात्र तिने दिलं नव्हतं...

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा धाकटीने मला हे सगळं सांगितलं. भर दिवसा, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. सांगताना सारखी उजव्या हाताची मागची बाजू चोळत होती.

मी हात ओढून बघितला. चौकोनी, फिकट डाग. चिकटपट्टी बरेच दिवस ठेवून काढली की कातडीवर उरतो ना, तसा.

“किती दिवस आहे?”

“त्या दुपारपासून. जात नाही.”

मग म्हणाली, “ताई, विमानात आता ती येत नाही. ती माझ्याबरोबर असते. मी बुटाची नाडी बांधते ना... पिशवीचं तोंड आवळते... दाराला कडी लावते... की मागून येतं.”

“काय येतं?”

ती हाताची मागची बाजू आणखी जोरात चोळू लागली.

“भीती वाटत नाही तुला?”

“वाटते.” ती माझ्याकडे बघून विचित्र हसली. “पण ते घरात असले की भीतीपेक्षा घाई असते. ते जवळ असले की मी मोठ्याने बोलते. भांडं आपटते. काहीही करते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.”

मी तिला जवळ घेतलं. म्हणाले, “अगं वेडे, सांगून टाक दादांना. जिचं पुण्य तिला देऊन टाक. देवाघरी असले हिशेब चालत नाहीत गं. मोकळी होशील.”

ती मान हलवत राहिली. “दिलं तर ते परत तिचे होतील.”

 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. सासूबाई दारात उभ्या, “पोचल्यावर कळव गं” म्हणत. दादा मला सोडायला येणार होते. माझी बॅग त्यांनी गाडीच्या टपावर चढवली. सवयीचे हात. पट्टा टाकला, चाप ओढला. कर्र, कर्र, कर्र...

आणि सवयीनेच तोंडातून गेलं.

“बांधलं.”

माझ्या शेजारी धाकटी उभी होती. तिला एकदम खोकला आला. मोठा, खोटा, छाती फोडून काढल्यासारखा खोकला. थांबेचना. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी खोकत राहिली.

पण श्वास तर घ्यावाच लागतो माणसाला.

तिने श्वास घ्यायला खोकला थांबवला. एवढ्याशा फटीत... आमच्या दोघींच्या मधून...

मी ऐकलं.

मी गाडीकडे बघितलं. दादांचे हात चापावर तसेच थांबले होते.

आणि त्यांची मान किंचित तिरकी झाली होती.